प्रकल्प नोंदी: लालबागच्या एका घराण्याची वंशावळ

१४ जून २०२५

आज पहिली बैठक. लालबागला चाळीत, तिसरा मजला, बाहेर पाऊस आणि आत सगळी भावंडं जमलेली. काका ७४ वर्षांचे, वडील गिरणीत होते, स्वतः बेस्टमधून रिटायर. घराण्याचं आणि गावाचं नाव मी या नोंदींत लिहिणार नाहीये, सातारा जिल्हा एवढंच पुरे.

म्हणणं असं की आपण पेशवाईतल्या एका सरदाराचे थेट वंशज, मूळ आडनाव म्हणजे त्या सरदाराचं पदावरून पडलेलं आडनाव, आणि आजोबा मुंबईला गिरणीत लागले तेव्हा मुकादमानं गावावरून दुसरंच आडनाव लिहिलं ते आजतागायत चालू. घरात सगळे हे इतक्या वेळा ऐकून आहेत की एकानं वाक्य सुरू केलं की दुसरा पुरं करतो.

ट्रंकेत एक रुमाल निघाला, म्हणजे लाल कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. आत मोडीतली एक सनद, फाटकी पण बऱ्यापैकी धड, दोन पत्रं, आणि वहीच्या आखीव पानावर काढलेली वंशावळ. शिवाय काकांच्या पुतण्याच्या मोबाईलवर एका परदेशी संस्थेचा मेल, की वंशावळ स्कॅन करून पाठवा, फी भरा, आम्ही राजघराण्याचं वंशज असल्याचं सर्टिफिकेट देतो, सोन्याचा शिक्का लावून. फी काकांच्या चार महिन्यांच्या पेन्शनएवढी. मी म्हटलं आत्ता काही भरू नका, आधी मला काम करू द्या. काका म्हणाले, "मॅडम, मला फक्त खरं काय ते लिहून हवंय, मी गेल्यावर पोरांना कोण सांगणार."

हे काम मी घेतलं ते या वाक्यामुळे.

१७ जून

कामाची पद्धत पुतण्याला फोनवर समजावली, इथेही लिहून ठेवते. वंशावळ वरून खाली काढायची नाही, खालून वर जायचं. जिवंत माणसापासून सुरू करून एकेक पायरी चढायची आणि दर पायरीला "हा ह्याचा मुलगा" हे सांगणारा कागद पाहिजे. सगळे लोक उलटं करतात, आधी सरदार पकडतात आणि तिथून खाली आपल्यापर्यंत दोरी सोडतात, आणि मधे कुठेतरी दोन पिढ्या नुसत्या आडनावावर जोडलेल्या असतात.

दुसरं म्हणजे प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारायचा, हा कोणी लिहिला आणि कशासाठी लिहिला. हक्क सांगण्यासाठी लिहिलेला कागद आणि दुसऱ्याच कामासाठी लिहिलेला, ज्यात नातं सहज येऊन गेलंय असा कागद, यांचं वजन सारखं नसतं. शाळेच्या प्रवेश-निर्गम उताऱ्यात मास्तरनं बापाचं नाव लिहिलं तेव्हा त्याला सरदारकीशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून तो उतारा मला सुंदर अक्षरात काढलेल्या वंशवृक्षापेक्षा जास्त आवडतो.

एक्सेलमध्ये सात ओळी केल्या, काकांपासून सनदेतल्या मूळ पुरुषापर्यंत. आत्ता दोनच ओळी हिरव्या, म्हणजे कागदानं सिद्ध, काका आणि वडील.

२४ जून

सनद वाचायला बसले. कागद हातकागद, बोरूनं लिहिलेला, काजळीच्या शाईचा काळेपणा अजून टिकलाय. एका गावचा इनाम देण्याबद्दल आहे, "पुत्रपौत्रादी वंशपरंपरेने" हा नेहमीचा शब्दप्रयोग आहे, आणि मूळ पुरुषाच्या पथकाची चाकरी सांगितलीय. म्हणजे हा माणूस होता, त्याच्याकडे पथक होतं, हे नक्की.

इथे एक गोष्ट पुतण्याला नीट सांगायला हवी. युरोपातला ड्यूक-काउंट आणि आपल्याकडचा सरदार ही एकच गोष्ट नाही. आपल्याकडे पद चाकरीला बांधलेलं. गायकवाडांचा सेनाखासखेल, नागपूरकर भोसल्यांचा सेनासाहेबसुभा, आंग्र्यांचा सरखेल हे किताब म्हणजे मुळात कामं होती, सैन्य ठेवायचं, आरमार सांभाळायचं, आणि त्या खर्चासाठी सरंजाम, म्हणजे नेमून दिलेला महसूल. त्यामुळे परदेशी फॉर्ममध्ये "टायटल" म्हणून जो रकाना आहे त्यात काय भरायचं हाच पहिला घोटाळा.

तारीख लावली: छ म्हणजे चंद्र, पुढे महिना, आणि सन अरबी शब्दांत. मी वाचलं "खमस तिसैन मया व अलफ", म्हणजे ५, ९०, १०० आणि १०००, शुहूर सन (जुन्या दफ्तरांतलं साल) ११९५. त्यात ५९९ मिळवले की १७९४, मृगापासून साल बदलतं म्हणून १७९४-९५. खर्ड्याच्या लढाईचं साल. काकांना लगेच फोन करून सांगितलं, ते फार खूश झाले.

वहीच्या पानावरची वंशावळ पण पाहिली. आखीव कागद आहे म्हणजे फार जुनी नाही. वरच्या चार पिढ्या काळ्या शाईत एका हातच्या, खालच्या दोन, म्हणजे काकांचे आजोबा आणि त्यांच्या पुढचे, निळसर शाईत, टाक वेगळा, अक्षर थोडं उजवीकडे झुकलेलं. नोंद करून ठेवते, आत्ता अर्थ लावत नाही.

२६ जून

चूक झाली होती, माझीच. काल रात्री पिढ्यांचं गणित बसेना. १७९४ धरलं तर पुढच्या पत्रात मूळ पुरुषाचा नातू दत्तक येतो त्याचं वय फार कमी निघतं. पुन्हा भिंगाखाली बघितलं, घडीवर कागद तुटलाय तिथे अक्षराचा वरचा भाग गेलाय, ते "तिसैन" नाही, "सबैन" आहे. खमस सबैन मया व अलफ, ११७५, म्हणजे १७७४-७५. वीस वर्षांचा फरक, एक अख्खी पिढी.

शिक्क्यावरून खात्री करायला गेले तर दोन्ही साली पेशवे एकच, सवाई माधवराव. १७७४ च्या एप्रिलमध्ये जन्मले आणि सव्वा महिन्यात पेशवाईची वस्त्रं आली, कारभार बारभाईंचा, आणि १७९५ ला गेले. तेव्हा "माधवराव नारायण" या नावानं काहीच ठरत नाही. पण पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचं नाव असतं. साताऱ्याला १७७७ पर्यंत रामराजे आणि त्यानंतर दुसरे शाहू. आणि पुसट शिक्क्यात पहिल्या ओळीत "राजाराम" एवढं वाचता येतंय. शिवाय एका पत्रात याच सनदेचा उल्लेख करताना शके १६९६ जयनाम संवत्सरे असं लिहिलंय, ते १७७४ लाच बसतं, १७९४ असतं तर शके १७१६ आनंदनाम आलं असतं. तीन बाजूंनी जुळलं.

काकांना परत फोन केला, खर्डा नाही, त्याच्या वीस वर्षं आधीचं आहे. थोडे हिरमुसले. पण चुकीची तारीख एकदा घरात शिरली की ती पोरांच्या तोंडी बसते, मग कुणी काढू शकत नाही.

३ जुलै

पुतण्याचा प्रश्न, की भारत सरकारकडून असं प्रमाणपत्र मिळेल का. याचं उत्तर स्वच्छ आहे. घटनेचं १८ वं कलम, सैनिकी आणि शैक्षणिक मान सोडून राज्य कुठलाही किताब देणार नाही आणि नागरिकानं परदेशी राज्याकडूनही घ्यायचा नाही. संस्थानिकांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीनं संपले, ३६३-क कलम त्याचंच. पद्म पुरस्कारसुद्धा नावाच्या मागेपुढे लावायचे नाहीत असं सुप्रीम कोर्टानं १९९५ साली सांगितलंय. तेव्हा आपल्याकडे किताब प्रमाणित करणारं ऑफिसच नाही, आणि कुठली संस्था करते म्हणाली तर ती स्वतःच्या लेटरहेडवर करते.

मग तो म्हणाला इंग्लंडात कसं चालतं. तिथे चालतं कारण तिथे किताब देणारं राज्य अजून आहे. आणि तिथेही काम कागदावरच चालतं. आपल्या मुंबईतलंच उदाहरण, सर जमशेटजी जीजीभाईंना १८५७ ला बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा 'सर', केलं, पुढे १८६० च्या कायद्यानं ठरलं की वारसानं जमशेटजी जीजीभाई हेच नाव घ्यायचं. १९१० पासून बॅरोनेटांची अधिकृत यादी आहे, वारसाला जन्म, लग्न, मृत्यूचे दाखले देऊन त्या यादीत नाव लावावं लागतं, नाहीतर सरकारी कागदात कुणी त्याला सर म्हणून लिहीत नाही. लॉर्ड सिन्हा १९१९ ला लॉर्ड झाले, १९२८ ला वारले, आणि मुलाचा हाउस ऑफ लॉर्ड्समधला हक्क मान्य व्हायला १९३९ उजाडलं, कारण आईवडिलांचं लग्न हिंदू पद्धतीचं, ते इंग्लिश कायद्यात कसं धरायचं यावर घोडं अडलं. मुलगा कोणाचा याबद्दल कुणालाच शंका नव्हती, तरी अकरा वर्षं! फ्रान्समध्ये आजही जुने किताब तपासायचं काम न्याय खात्याकडे आहे. पण यातलं कुठलंही ऑफिस पेशव्यांची सनद घेऊन सरदार ठरवून देत नाही.

काका मधेच म्हणाले, "महाराजांना पण दाखवायला लागलीच होती की वंशावळ." खरंय. १६७४ ला राज्याभिषेकाआधी सिसोदियांशी नातं मांडावं लागलं, गागाभट्टांना काशीहून यावं लागलं. ज्यांनी तलवारीनं राज्य उभं केलं त्यांनासुद्धा कागद लागला, हे काकांनी इतक्या हळू सांगितलं की मला पुढे काही बोलवेना.

९ जुलै

काळा घोडा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेख. मुंबई इलाख्याच्या महसूल खात्याचे खंड काढले, गावाचं नाव दोन ठिकाणी, आमच्या कामाचं नाही. तिथल्या एका मोडी वाचणाऱ्या दादांशी गप्पा झाल्या, २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून मोडी येणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नाही म्हणाले. चांगलंय. लिपी पोट भरायला लागली की जगते.

२२ आणि २३ जुलै

पुणं. पहाटेची इंद्रायणी. पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे आणि इनाम कमिशनचे कागदही.

इनाम कमिशन म्हणजे १८५२ च्या अकराव्या कायद्यानं इंग्रजांनी प्रत्येक इनामदाराला विचारलं, तुझा हक्क सिद्ध कर. सनद दाखव, वंशावळ दाखव, भोगवटा दाखव. हजारो घरांनी माळ्यावरचे रुमाल उतरवले. ज्यांना दाखवता आलं नाही त्यांचे इनाम गेले, आणि ५७ च्या असंतोषामागे हेही एक कारण सांगतात. अन्यायच होता बऱ्याच ठिकाणी, पण आज त्या अन्यायाचे कागदच आपल्याला पिढ्या सांगतात, हे वाचताना मन दोन्हीकडे ओढतं.

आमच्या घराण्याची कैफियत, म्हणजे हक्काबद्दलचं लेखी निवेदन, सापडली! पहिल्या दिवशी काहीच नाही, दुसऱ्या दिवशी जेवणानंतर तिसऱ्या गठ्ठ्यात. त्यात असं आहे: मूळ पुरुष, त्याचा मुलगा, मुलाला औरस संतान नाही म्हणून भाऊबंदांतला मुलगा दत्तक, आणि तो दत्तक म्हणजे कैफियत देणारा. खाली कारकुनानं कुर्सीनामा, म्हणजे पिढ्यांचा तक्ता, जोडलाय, त्यात दत्तकाचे तीन मुलगे. ट्रंकेतल्या वंशावळीच्या काळ्या शाईतल्या चार पिढ्या याच्याशी अक्षर न् अक्षर जुळतात. चार ओळी हिरव्या.

पुतण्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंय डीएनए टेस्ट करू का. त्याला लिहिलं, बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्राची तुलना करायला मुळात दुसऱ्या फांदीचा पुरुष पाहिजे, तो जुळला तरी समान पूर्वज कोण आणि कधीचा हे कळत नाही. आणि इथे तर मधे दत्तक आहे. आपल्या कायद्यानं आणि रिवाजानं दत्तक हा मुलगाच, सरदारक्या दत्तकावर चाललेल्या आहेत, रक्त त्याला ओळखणार नाही पण सनद ओळखते.

४ ऑगस्ट

आता मुंबईची बाजू. वर सगळं हिरवं, खाली दोन हिरव्या, मधे एक ओळ पांढरी, आणि भोक नेमकं तिथे जिथे आजोबा आहेत.

काकांनी गिरणी कामगार घरांच्या लॉटरीसाठी म्हाडाला दिलेली फाइल काढली. काय फाइल आहे ती! वडिलांचा तिकीट नंबर, लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, ईएसआयचं कार्ड, वारस म्हणून केलेलं शपथपत्र. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्याच्या आधीच वडील रिटायर झाले होते, पण एकही चिटोरं फेकलेलं नाही. ज्या घरानं थोड्याशा चौरस फुटांसाठी इतकं जपून ठेवलं तेच घर आता पेशव्यांची सनद घेऊन बसलंय, आणि दोन्हीकडे सिद्ध करायचं एकच, की मी ह्याचा मुलगा.

सर्व्हिस सर्टिफिकेटवर वडिलांच्या नावात आजोबांचं नाव मधे आहे. शाळेचा उतारा १९२० च्या दशकातला, त्यातही तेच आजोबा, तेच -कर आडनाव. आजोबा हिरवे. राहिली एकच पायरी, आजोबांचे वडील.

१३ ऑगस्ट

गावी जाऊन आले. तहसील कचेरीत फेरफार आणि जुनं इनामपत्रक मिळालं, शिपाईमामांनी मनापासून मदत केली.

आणि इथे गणित फिसकटलं. निळ्या शाईतल्या वंशावळीप्रमाणे आजोबा हे तिसऱ्या भावाचे मुलगे. पण फेरफारात तिसरा भाऊ मयत, पुत्रसंतान नाही, एकत्र कुटुंब, सबब नाव पुतण्यांकडे, असं स्वच्छ आहे. मुलगाच नव्हता. म्हणजे काकांच्या आजोबांना कुणीतरी नंतर त्या फांदीला चिकटवलं.

एसटीत परत येताना फार वाईट वाटत होतं. असे दावे मी पूर्वी पाहिलेत, आणि त्यातला प्रत्येक माणूस खोटारडा नसतो. दिल्लीच्या माल्चा महालात स्वतःला अवधच्या बेगम म्हणवणाऱ्या विलायत महल मुलांना घेऊन राहिल्या, त्याआधी कितीतरी वर्षं रेल्वे स्टेशनवर काढली, जगभरचे पत्रकार येऊन गेले, आणि तिथली मुलगा-मुलगी दोघंही गेल्यावर २०१९ ला बाहेर आलं की त्या लखनौ विद्यापीठाच्या रजिस्ट्रारच्या विधवा होत्या. फाळणीनं उद्ध्वस्त झालेली बाई, आणि मुलं शेवटपर्यंत तेच सांगत राहिली. मला काकांच्या घरात तसं काही ठेवायचं नाहीये. खोट्या वंशावळीत वाढलेल्या पोरांना ती मोडायचीही चोरी होते.

अजून काकांना काही सांगितलेलं नाही. आधी सगळे कागद संपू देत.

३० ऑगस्ट

गणपतीत लालबागला पाय ठेवायला जागा नाही तरी काकांकडे गेले, आरतीला सगळे होते. काकांची आत्येबहीण, ८५ च्या पुढची, सहज बोलता बोलता म्हणाली, आजा वाड्यात वाढला ना, त्याच्या मामांनी चुलतचुलत सगळ्यांनी मिळून वाढवला, म्हणून तर तो वाड्याची गोष्ट सांगायचा. मी विचारलं, मामांनी? ती म्हणाली, हो, बाप लवकर गेला त्याचा.

मामा. वाडा मामाचा असेल तर? घरी येऊन फेरफार पुन्हा वाचला. पुत्रसंतान नाही असं आहे. संतान नाही असं नाहीये.

१६ सप्टेंबर

नाशिक. पितृपक्ष चालू, काकांना श्राद्ध करायचंच होतं, मी सोबत गेले. रामकुंडावर ही गर्दी. तीर्थोपाध्यायांकडे वह्या असतात, कोण आलं, कुठल्या गावचं, बाप-आजा-पणजा कोण, भाऊ किती, आणि खाली आलेल्या माणसाची सही. आधी सरदाराच्या आडनावानं विचारलं, त्या घरचे लोक येऊन गेलेत पण आजोबांचं नाव कुठेच नाही. उपाध्याय गुरुजी काकांना म्हणाले, "अहो तुमचं आडनाव सांगा, त्यांचं कशाला सांगताय." काकांनी सांगितलं. दहा मिनिटांत वही आली.

१९२६ सालची नोंद. आजोबांची मोडी सही, हल्ली मुक्काम मुंबई परळ. वडील, आजोबा, पणजोबा तीन नावं, तिघांपुढे -कर आडनाव. म्हणजे मुकादमानं काही बदललंच नव्हतं, ते आडनाव त्यांच्या बापाचंच होतं. आणि खाली दुसऱ्या ओळीत, श्राद्धात पितरांबरोबर आईच्या वडिलांकडचे तीन पुरुषही घेतात म्हणून गुरुजींच्या पणजोबांनी लिहून घेतलेले, मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह. मातामह म्हणजे फेरफारातला तिसरा भाऊ. प्रमातामह, कैफियत देणारा दत्तक. वृद्धप्रमातामह, सनदवाल्या मूळ पुरुषाचा मुलगा. गावाचं नावही तेच.

मी वहीच्या त्या पानावर बोट ठेवून किती वेळ बसले कुणास ठाऊक. १९२६ ला आजोबांनी ही नावं देवाच्या आणि पितरांच्या कामासाठी सांगितली, आणि तिथे माणूस खोटा बाप सांगत नाही.

काका शेजारी पिंड ठेवून हात जोडून बसलेले. मी तिथे काही बोलले नाही. फोटो गुरुजींच्या परवानगीनं काढले.

१९ सप्टेंबर

सगळं पुन्हा तपासलं, घाईत जुळवून टाकलं नाही ना म्हणून. वहीतली तीन नावं, पुण्याचा कुर्सीनामा आणि तहसीलचा फेरफार, हे तीन कागद तीन वेगळ्या लोकांनी तीन वेगळ्या कामांसाठी लिहिलेत आणि एकानं दुसरा पाहिलेला असायची शक्यता नाही. तारखा बसतात. ट्रंकेतली सनद कोर्टाच्या भाषेत ३० वर्षांहून जुनी आणि योग्य ताब्यातून आलेली म्हणता येईल का ही शंका होती, मुलीच्या घरात ती कशी? बहुतेक मामांच्या वाड्यात आजोबा सगळ्यात शिकलेले, त्यांनी जपली, पण याला पुरावा नाही, म्हणून रिपोर्टमध्ये "बहुतेक" असंच लिहिणार. कायद्याचं ते गृहीतकही फक्त कागद अस्सल आहे एवढ्यापुरतं, त्यात लिहिलेलं सगळं खरं असं त्यानं ठरत नाही.

निळ्या शाईचंही उलगडलं. कुणीतरी आजोबांना तिसऱ्या भावाखाली लिहिलं ते नातवाच्या जागी नाही, मुलाच्या जागी. मधली एक व्यक्ती गाळली, मुलगी. वंशावळीत मुली लिहायची रीतच नव्हती, तेव्हा लिहिणाऱ्यानं फसवलं असं मला वाटत नाही, त्याच्याकडे तिला लिहायला रकानाच नव्हता.

१ ऑक्टोबर

काकांना सांगितलं. उद्या दसरा, घरात झेंडूची फुलं ओवणं चालू होतं. मुद्दाम सगळ्यांसमोर नाही, गॅलरीत दोघंच. म्हटलं, काका, सनद खरी आहे, तुम्ही त्या पुरुषाचे वंशज आहात हेही मी लिहून देऊ शकते, दर पायरीला कागदासकट. पण ते तुमच्या आजोबांच्या आईकडून. सनद म्हणते पुत्रपौत्रादी, तेव्हा सरदारकी, ते आडनाव, तो मान त्या शब्दांप्रमाणे तुमच्याकडे येत नाही, तो पुतण्यांच्या फांदीत गेला.

बराच वेळ गप्प. खाली कुणीतरी टेम्पो रिव्हर्स घेत होतं. मग म्हणाले, "म्हंजे आमचं आडनाव आमचंच."

हो म्हटलं.

"आन तिचं नाव काय?"

वहीत आहे, माता म्हणून, पण ते सासरचं. माहेरचं नाव कुठल्याच कागदात नाही. इतके कागद उपसले, इनाम किती बिघे, सारा किती आणे, घोडी किती, सगळं मिळालं, आणि जिच्यामुळे हे घर त्या घराला जोडलं तिचं माहेरचं नाव नाही. काका उठून आत गेले आणि आत्येबहिणीला फोन लावला. तिला आठवत नव्हतं, पण विचारते म्हणाली.

पुतण्या नाराज आहे, साहजिक आहे. त्याचं म्हणणं त्या परदेशी संस्थेला मधलं काही कळवलं नाही तरी ते सर्टिफिकेट देतीलच. देतील, मलाही माहितीय. काकांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं की पैसे भरायचे नाहीत.

१० ऑक्टोबर

रिपोर्ट दिला. अकरा पानं, जोडपत्रं वेगळी. प्रत्येक पायरीला सिद्ध, संभाव्य किंवा तोंडी असा शेरा. "प्रमाणपत्र" हा शब्द कुठेही घातला नाही. सात जोड, सहा सिद्ध, आणि एक, मुलीपासून आजोबांपर्यंतचा, सिद्धच पण एकाच कागदावर उभा म्हणून तसं स्पष्ट लिहिलं. सनदेला आम्लमुक्त कागदाचं फोल्डर करून दिलं आणि लॅमिनेशन अजिबात करू नका हे तीनदा सांगितलं, कारण एकदा प्लास्टिकमध्ये गेलेला हातकागद परत सुटत नाही.

नवी वंशावळ मोठ्या पानावर काढून घेतली, तिसऱ्या भावाखाली एक चौकट, तिथून रेघ आजोबांकडे. चौकटीत सासरचं नाव लिहिलं आणि माहेरच्या नावासाठी जागा सोडली.

२ नोव्हेंबर

दुपारी काकांचा फोन. दिवाळीला आत्येबहिणीकडे गावाकडची म्हातारी आली होती, वाड्याच्या फांदीतली, तिला पूर्वीच्या बायकांचं जात्यावरचं एक गाणं येतं त्यात भावांच्या नावांमागोमाग बहिणीचं नाव येतं. फोनवर म्हणून दाखवलं त्यांनी, मला एका दमात लिहून घेता आलं नाही, दोनदा म्हणायला लावलं. भावांची म्हणून जी नावं त्यात येतात ती पुतण्यांचीच आहेत, फेरफाराशी जुळतात, चुलतभाऊ म्हणजे भाऊच.

तोंडी पुरावा, शेरा तसाच राहील. काकांनी स्वतःच्या हातानं चौकटीत नाव भरलं, पेन्सिलीनं. मला विचारलं शाईनं केव्हा करू. म्हटलं पुढच्या पितृपक्षात नाशिकला त्या वाड्याच्या लोकांची वही परत बघू, एखाद्या भावानं बहीण लिहिली असेल तर.

गुरुजींना पत्र टाकलंय.